शेवटची चार पानं

१७ मे, शनिवार. रात्रीचे पावणेबारा.

झोप येणारच नाहीये आज. एक तर उकाडा असा की गच्चीवरची फरशी अजून तापलेलीच, आणि दुसरं म्हणजे उशाशी ते पुस्तक पडलंय.

सकाळी नळाला पाणी आलं होतं, ते भरून झाल्यावर आप्पांचे डोळ्यांचे ड्रॉप्स आणायला नवी पेठेत गेले आणि येताना नेहमीसारखी रद्दीच्या दुकानापाशी थांबले. तिथल्या मामांना आता सवय झालीय, शिरवळकर असं नाव दिसलं की ते पुस्तक काट्यावर जातच नाही, वेगळं काढून ठेवतात. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "ताई, तुमच्या माणसाचं आलंय बघा एक. पुठ्ठा गेलाय, पण आतून चांगलं आहे की." चाळीस रुपये मागितले. हातात घेतलं आणि आधी शेवटचं पान उघडलं, वाचायला नाही, आहे का ते बघायला. होतं. शेवटची चारही पानं होती. उन्हात तशीच उभी राहिले मी, मामा विचारत होते पिशवी देऊ का, मला ऐकूच आलं नाही.

कादंबरीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. पुढं शेवटाबद्दल बोलणार आहे आणि न वाचलेल्या माणसाला रहस्यकादंबरीचा शेवट कळू देणं माझ्या मते पापच आहे. शिरवळकरांच्या अमर विश्वास या वकिलाची आहे, कोर्ट, खून, एवढं पुरे.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं १९९४ मध्ये, नववीत असताना. तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत एक लायब्ररी होती, दहा बाय बाराची खोली, छतापर्यंत फळ्या, वीस रुपये डिपॉझिट आणि रोजचे पन्नास पैसे. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, आत शिक्का, "पाने फाडू नयेत, खुणा करू नयेत," आणि फाडलेली पानं नि केलेल्या खुणा प्रत्येक पुस्तकात. आमच्या घरात रहस्यकथा आप्पांमुळे आल्या. आप्पा गिरणीत सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात होते, पाळी सुटली की जेवण, मग बाजेवर आडवं होऊन पुस्तक. ते अर्नाळकरांचे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातले झुंजार, धनंजय, काळापहाड हे आमच्या घरात नातेवाईकांसारखे बोलण्यात यायचे. मधे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप येऊन गेला. आणि मग मी सुशि आणले.

सुहास शिरवळकर. वाचणारे सगळे सुशिच म्हणतात. आप्पांना आधी आवडले नाहीत. म्हणाले, हा माणूस काही सांगतच नाही, नुसती माणसं बोलत राहतात. मला नेमकं तेच आवडलं होतं. दोन माणसं बोलतायत, तिसरा ऐकतोय, आणि कोण खोटं बोलतोय हे लेखक सांगत नाही, तुमचं तुम्ही ओळखायचं. आमच्या घरात, शेजारी, नळावर माणसं जशी बोलायची तशीच पुस्तकात बोलताना मी पहिल्यांदा बघितली. आठवड्याभरात आप्पा दारा बुलंद मागायला लागले, मग मंदार पटवर्धन, मग फिरोज इराणी, हे सगळे सुशिंचे नायक, आणि मग लायब्ररीवाल्याकडं आमच्या घराच्या नावावर एकावेळी दोन पुस्तकं असायची, एक त्यांचं, एक माझं, आणि संध्याकाळी अदलाबदल.

तर ते अमर विश्वासचं पुस्तक. वार्षिक परीक्षा चालू होती, मी ते भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचत होते, कोर्टातला शेवटचा सीन आला, तो आता नाव घेणार, पान उलटलं आणि पुढं पुठ्ठा. चार पानं गायब. कुणीतरी अगदी शिवणीपासून फाडलेली. मी रडले. चौदा वर्षांची होते, पण आज आठवलं तरी तेव्हाचा राग तसाच येतो, पान फाडणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

दोन दिवसांनी आप्पा पाळीवरून आले आणि म्हणाले, आमच्या खात्यात एकाने वाचलंय ते, त्याला विचारलं मी शेवट. आणि बाजेवर बसून त्यांनी पूर्ण सांगितला, अमर विश्वास उठतो, साक्षीदाराला पाणी प्यायला देतो, मग टेबलावरची दोरी उचलतो आणि म्हणतो ही गाठ बघा. गाठीवरून खुनी सापडतो. सुताचा तुटलेला धागा सांधताना मारतात ती गाठ, ज्याला येते त्याचा हात ती झोपेतसुद्धा तशीच मारतो. मी थक्क झाले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना सांगितलं. तेव्हापासून ३१ वर्षं माझ्या डोक्यात त्या कादंबरीचा तोच शेवट आहे.

गोळा करायला लागले ते मात्र २००३ पासून. त्या वर्षी ११ जुलैला सुशि गेले, वय फक्त ५४. मला नुकतीच नोकरी लागली होती. बातमी वाचली तेव्हा आधी मनात आलं की आता नवीन येणार नाही, आणि लगेच दुसरं आलं की माझ्याकडं त्यांचं एकही पुस्तक नाही. सगळी वाचलेली लायब्ररीची. आणि ती लायब्ररी बंद होऊन चार वर्षं झाली होती, पुस्तकं रद्दीत गेली होती. एवढी वर्षं वाचून साधं एक पोस्टकार्डसुद्धा लिहिलं नाही मी त्यांना, पुणे काय लांब होतं, पत्त्यासाठी प्रकाशकाचं नाव प्रत्येक पुस्तकात छापलेलं असायचं. ती खंत आहेच.

गोळा करायची माझी पद्धत साधी. प्रत्येक पुस्तकात मागं "याच लेखकाची इतर पुस्तके" अशी यादी असते. ती वहीत उतरवायची, मिळेल त्यावर खूण. पण एका यादीत आहे ते दुसऱ्या यादीत नसतं, एकच कादंबरी दोन वेगळ्या कव्हरमध्ये निघालेली असते आणि घरी आल्यावर कळतं की ही तर आहे आपल्याकडं, असं चारदा झालंय, ती जास्तीची मी भाचीला देते. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघायचं, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत दिवसभर फिरायचं आणि त्याच गाडीनं रात्री घरी, असं वर्षातून एकदा ठरलेलं. नवीन आवृत्त्या तिथं मिळतात. २०१३ ला 'दुनियादारी'चा सिनेमा आला तेव्हा ऑफिसातली पोरं मला येऊन विचारायला लागली, मॅडम ते पुस्तक आहे का तुमच्याकडं, आणि मी सात जणांना दिलं, सातही जणांनी परत केलं, हे मी अभिमानानं लिहितेय. मार्च २०२० मध्ये 'समांतर'ची वेबसिरीज आली नि लगेच लॉकडाऊन लागलं, तेव्हा शेजारच्या काकूंनीसुद्धा पुस्तक मागून नेलं. एका माणसाला कळतं की आपलं आयुष्य दुसरा कुणीतरी आधीच जगून झालाय, ही कल्पना त्यांना इतकी लागली की रोज गॅलरीतून विचारायच्या, तुला काय वाटतं, असं असतं का गं.

पण माझा जीव जुन्या प्रतीत आहे, लायब्ररीच्या. त्यांचे फार हाल असतात. तो कागदच हलका, लगद्याचा, पिवळा पडणारच, त्यात सोलापूरची कोरडी हवा, एप्रिल-मेमध्ये पान दुमडलं की तुकडा हातात येतो, पाठीवरचा डिंक तडकतो. वाळवी वेगळी. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या, वर्षातून दोनदा सावलीत पसरून वारा द्यायचा, कडक उन्हात कधीच नाही. आणि सुटलेली पानं आप्पांच्या पद्धतीनं चिकटवायची. गिरणीत सुताला खळ लावण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे घरी मैद्याची खळ तेच करायचे, चिमूटभर मोरचूद घालून म्हणजे किडा लागत नाही, पातळ हात, वर जाड पाटा. १९९० च्या आसपास त्यांनी चिकटवलेली पानं अजून हललेली नाहीत.

लोक विचारतात, शेवट माहीत असलेली रहस्यकथा ठेवून काय करायचं? खुनी कळला, संपलं. मला हा प्रश्नच कळत नाही. पहिल्यांदा वाचताना आपण पळत असतो, काही दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना दिसतं की चौथ्या प्रकरणात तो माणूस चहाला नको म्हणाला होता, एवढंच एक वाक्य, आणि सगळं तिथंच होतं. सुशिंनी ते लपवलेलं नसतं. समोर ठेवलेलं असतं, फक्त त्याच वेळी दुसरं कुणीतरी मोठ्यानं बोलत असतं म्हणून आपण तिकडं बघतो. हे कसं केलं ते बघायला मी काही पुस्तकं आठ-आठ वेळा वाचलीत. आणि जुन्या वाचकांच्या खुणा, त्याही मला हव्या असतात. माझ्याकडं एक प्रत आहे, तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, "खुनी ड्रायव्हर आहे." ते वाचून मी पुस्तक आपटलं होतं. शेवटी ड्रायव्हर नाहीच. कुणीतरी मुद्दाम खोटं लिहून ठेवलेलं, पुढच्याचं रहस्य शाबूत राहावं म्हणून. कोण असेल ते बाई किंवा बुवा, भेटले तर मी पाया पडेन.

आज दुपारी जेवणं झाल्यावर आप्पा झोपले आणि मी ते पुस्तक घेऊन बसले. सगळं वाचलं. कोर्टाचा सीन. पान उलटलं आणि ३१ वर्षांनी पहिल्यांदा पुढं पान होतं.

दोरी नाही. गाठ नाही. साक्षीदाराला पाणी देणं नाही. खुनी दुसराच.

आधी वाटलं आवृत्ती बदलली असेल. मग पुन्हा पहिल्यापासून चाळलं, कादंबरीत कुठंच कुणी सूतगिरणीशी संबंधित माणूस नाही, दोरीचा उल्लेखच नाही. आणि मग मला कळलं. सायझिंग खातं. तुटलेला धागा. ज्याच्या हाताला ती गाठ झोपेतसुद्धा येते. खुणा सगळ्या समोर होत्या, मी चौथ्या प्रकरणातला चहा पकडणारी बाई, आणि माझ्याच घरातलं हे एवढं मला इतकी वर्षं दिसलं नाही.

संध्याकाळी आप्पांना ड्रॉप्स घातले आणि मग हळूच विचारलं, आप्पा, ते अमर विश्वासचं पुस्तक, शेवट फाटलेलं, खात्यातल्या कुणी वाचलं होतं? ते ८१ वर्षांचे आहेत, काल काय खाल्लं ते आठवत नाही कधी कधी. बराच वेळ डोळे मिटून होते, ड्रॉप्स घातल्यावर मिटायचेच असतात. मग म्हणाले, "कुणी नाही बाळा. तुझा गणिताचा पेपर होता दुसऱ्या दिवशी. पुस्तक घेऊन बसली होतीस नुसती." म्हणाले, दोन दिवस मशीनवर उभं राहून तेच डोक्यात होतं, तिला काय सांगायचं.

मला काही बोलता आलं नाही. त्यांनीच विचारलं, "मग यात कोण निघाला?"

आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी चारही पानं मोठ्यानं वाचली. सावकाश. मधे एकदा त्यांनी हात वर करून थांबवलं, एक वाक्य परत वाचायला लावलं. संपल्यावर थोडा वेळ पंख्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, हे कळायला पाहिजे होतं मला, पुस्तकात आधी कुठंतरी असणार, हा माणूस असं फुकट सांगत नाही. पहिल्यापासून वाच.

मी म्हटलं आत्ता रात्र झाली, उद्या.

तर उद्या रविवार, चहा झाला की पान पहिलं. त्याआधी पुठ्ठा बसवायचाय. मैदा आहे घरात, मोरचूद मात्र संपलंय, सकाळी आणावं लागेल. खळ आप्पाच करणार म्हणालेत, मी नुसतं ढवळायचं.