हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "तुमच्या नाचणीच्या पापडात गहू नाही ना? लेकीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे, गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला चालत नाही." मी लगेच म्हणाले, "नाही हो, नुसती नाचणी, तीळ, मिरची, मीठ, पापडखार आणि हिंग." त्या म्हणाल्या, "हिंगाची डबी बघून सांगाल?"

फोन तसाच कानाला धरून मी फडताळातून डबी काढली. मागे बारीक अक्षरांत घटक दिले होते. त्यात गव्हाचं पीठ! अस्सल हिंग फार उग्र, म्हणून त्यात पीठ आणि डिंक घालून बांधानी हिंग करतात, हे मला ठाऊक होतं. ते पीठ गव्हाचं असतं आणि माझ्या पापडात जातं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि माझ्या पाकिटांवर काय छापलेलं? "ग्लुटेन फ्री". नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून बिनदिक्कत छापलं होतं. त्या ताईंनी विचारलं नसतं तर त्या मुलीच्या ताटात माझा पापड गेला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना पापड गेले होते, त्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी एकेक करून फोन केले. उरलेले सगळे स्टिकर फाडून टाकले.

मग अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (FSSAI) २०२० चे लेबलिंगचे नियम नीट वाचायला बसले. तोवर माझ्या लेखी लेबल म्हणजे FSSAI चा १४ आकडी परवाना-नोंदणी नंबर, हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, बॅच आणि तारखा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे हिंग माझ्या यादीत पार शेवटी. पण गहू, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, अंडी, मासे यांतलं काहीही असेल तर ते वेगळं, स्पष्ट लिहावं लागतं. चिमूटभर हिंगातून आलेला गहूसुद्धा. आणि "ग्लुटेन फ्री" म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. ते लॅबमध्ये तपासल्याशिवाय कसं कळणार?

मी तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणला. वाटलं, सुटलो. पण नाचणी दळायला गिरणीत गेले, तर माझ्या आधी कुणाचे तरी गहू दळून झाले होते आणि जात्यात पीठ तसंच होतं. गिरणीवाले काका म्हणाले, "ताई, आधी थोडी नाचणी टाकून जातं साफ करून देतो." त्यांचा हेतू चांगला होता, पण सिलिअ‍ॅकच्या मुलीसाठी तेवढं पुरत नाही.

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावं लागतं, सोबत मराठी चालतं. मी इंग्रजी आणि मराठी छापते. घटकांच्या लगेच खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहिलंय: "गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीत दळलेलं. गव्हाचा अंश असू शकतो." स्टिकरवाला म्हणाला, हे वाचून गिऱ्हाईक बिचकेल, खाली बारीक टाकू. मी ऐकलं नाही.

पुण्याच्या ताईंना मीच फोन करून सांगितलं, "लेकीला देऊ नका." त्यांनी गिरणीचं सगळं नीट विचारून घेतलं, आणि घरातल्या बाकीच्यांसाठी अर्धा किलो मागवले.