मीटर ३३, बिल ४४

मी पाइप गॅसचा फिटर आहे. शर्टावर कंपनीचं नाव, पैसे मात्र ठेकेदाराचे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल मांडून पत्रकं वाटणारी पोरं एका एजन्सीची, पाइप टाकणारे आम्ही, रीडिंग घेणारे तिसऱ्याच कुणाचे, आणि बिल कुठून निघतं ते मलाही माहीत नाही. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं. दारात जो उभा राहील तो त्यांच्या लेखी कंपनी. त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

कोथरूडच्या त्या घरची तक्रार साधी होती. फ्लेम पिवळी, भांडी काळी होतात. अशी कामं मला आवडतात. अर्ध्या तासात निकाल लागतो आणि माणसं चहा देतात.

दार काकांनी उघडलं. बँकेत ऑडिटला होते, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलंच. स्वयंपाकघराकडे वळलो तर म्हणाले, "शेगडी नंतर. आधी हे बघा." टेबलावर बिल, पत्रक आणि एक वही मांडून ठेवलेली होती. काकू आतून म्हणाल्या, "अहो, त्यांना पाणी तरी विचारा आधी."

बिल दोन महिन्यांचं, पहिलंच. ३,४४८ रुपये. घरात माणसं दोन. सिलिंडर त्यांना पन्नास दिवस जायचा, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च हजार-अकराशे. पत्रकावर ठळक अक्षरांत 'थेट १८ टक्के बचत' आणि 'बिनखर्च जोडणी'.

"बिल माझ्याकडे नसतं काका, टोल फ्रीला..." असं आम्हाला शिकवलेलं वाक्य मी बोलायला घेतलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. टोल फ्रीवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, की टेक्निशियन येईल त्याला विचारा.

मग मी बसलो आणि पत्रक वाचलं. ही पत्रकं आमच्या गाडीत गठ्ठ्यानं पडलेली असतात, पण नीट वाचलं ते तिथेच. त्यात दोन चौकोन होते. एकात सिलिंडर, किलोला ६० रुपये. दुसऱ्यात पाइप गॅस, युनिटला ४९ रुपये. दोन्ही आकडे तेव्हाचे खरे. ८५२ रुपयांच्या सिलिंडरला १४.२ किलोनं भागलं की ६० येतात. पण पाइप गॅसचं युनिट म्हणजे एक घनमीटर, आणि घनमीटरभर पाइप गॅसमध्ये किलोभर एलपीजीइतकी उष्णता नसते. एका सिलिंडरचं काम करायला साधारण १८ युनिट लागतात. हा हिशोब आमच्या धंद्यातल्या पोराटोरांनाही तोंडपाठ असतो. १८ गुणिले ४९, ८८२. म्हणजे सिलिंडरपेक्षा तीस रुपये जास्तच. वर व्हॅट वेगळा, ते खाली बारीक अक्षरांत.

काकांनी हेच वहीत मांडून ठेवलं होतं. मी नुसता १८ युनिटचा आकडा बरोबर आहे म्हणालो, तर त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू महिनाभर कुणी त्यांना हो म्हणालंच नव्हतं. "म्हणजे कंपनीच्या माणसाला हे माहीत आहे," म्हणाले. मला कानकोंडं झालं.

पाइप गॅस वाईट नाही, हेही लिहायला हवं. नंबर लावायचा नाही, रात्री सिलिंडर संपायचा नाही, गळती झालीच तर हवेपेक्षा हलका असल्यानं वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. हे खरं सांगून जोडण्या विकता येतात. मी विकल्या आहेत. पण टेबलावरच्या पोरांना नोंदणीमागे पैसे मिळतात आणि 'बचत' शब्दाला माणूस थांबतो.

बिलात गॅसचे २,१५६, त्यावर ३ टक्के व्हॅट. "२०२२ च्या एप्रिलमध्ये साडेतेरावरून तीनवर आला, तेवढं एक सरकारनं बरं केलं," काका म्हणाले. 'बिनखर्च जोडणी'चा अर्थ डिपॉझिट नाही, पण रोज एक रुपया भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी. आणि साडेतीन मीटर जादा पाइपचे ९८०, त्यावरही जीएसटी. दहा मीटर फुकट, पुढचे मोजून.

युनिट ४४. मी उठलो आणि ओट्याखालचं मीटर बघायला वाकलो. टॉर्च लावला. काळे आकडे ००००३३, पुढे लाल ४१२. बिल येऊन आठवडा झाला होता. म्हणजे बिल ४४ चं, आणि मीटर त्यानंतर आठवडाभर चालूनही ३३ वर. काकांना वाकवत नव्हतं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. काकूंनी तो मोठा करून दोनदा पाहिला.

बिलाच्या कोपऱ्यात बारीक छापलं होतं, 'घर बंद, अंदाजे'. काका भडकले. "घर बंद? आम्ही जातो कुठे? दोघं रोज सकाळी फिरायला जातो तेवढंच." मीटर स्वयंपाकघरात, रीडिंगवाला आला असेल तर त्याच वेळी, किंवा आलाच नसेल. एका पोराला दिवसात किती घरं देतात ते मला माहीत आहे, त्यामुळे त्याला शिव्या घालायला माझी जीभ वळत नाही. पण नव्या जोडणीला अंदाज कशाच्या आधारावर लावतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता शेगडी. इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे माझं काम आहे.

एलपीजीच्या शेगडीत पाइप गॅस चालवायचा तर जेट बदलावं लागतं. जेट म्हणजे बर्नरखालची पितळी तोटी, तिला मिलिमीटरहूनही लहान भोक. पाइप गॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता एलपीजीच्या निम्म्याहून कमी, आणि दाबही कमी, सिलिंडरच्या रेग्युलेटरचा ३० मिलिबार तर आमचा २१. म्हणून भोक मोठं लागतं. योग्य मापाचं नवं जेट मिळतं, त्यावर नंबर कोरलेला असतो. पण जोडणीमागे पैसे घेणारी टोळी नवं जेट आणत नाही. जुनंच काढते, हातातल्या ड्रिलनं भोक वाढवते, बसवते, पेटवून दाखवते. फ्लेम मोठी दिसली की गिऱ्हाईक खूश. ड्रिल जरा तिरकं गेलं की गॅस सरळ न जाता नळीच्या भिंतीवर आपटतो, हवा नीट मिसळत नाही आणि फ्लेम पिवळी पडते. भोक जास्त झालं की ज्वाळा भांड्याच्या बाहेरून वर जातात आणि भिंत तापवतात. एलपीजी शेगडीला आयएसआयच्या मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते. असं भोसकलेलं जेट लावल्यावर त्यातलं किती उरतं, कुणी मोजत नाही.

मोठ्या बर्नरचं जेट काढून उजेडात धरलं. भोक गोल नव्हतंच, लांबट होतं.

जेट परत लावून, फुल करून, घड्याळ लावलं. लाल आकडे म्हणजे लिटर. सहा मिनिटांत ४६. मग पिशवीतलं नवं जेट बसवलं, हवेची झडप सारखी केली. निळी, आखूड, टोकाला न हलणारी फ्लेम. पुन्हा सहा मिनिटं. ३१. सगळे बर्नर बंद करून दहा मिनिटं मीटर बघितलं, शेवटचा आकडाही हलला नाही. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. काकांनी वहीत ४६ आणि ३१ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता मला थांबता येईना. टेप काढला. राइझरपासून, म्हणजे इमारतीत वर चढणाऱ्या मुख्य पाइपापासून, मीटरपर्यंत पाइप मोजला, वळणं धरून. बारा मीटरला थोडा कमी. बिलात साडेतेरा. मोजमापाच्या कागदावर सही काकांचीच, पण आकडा पाइप टाकायच्या आधीच्या तारखेचा. नोंदणीवाल्या पोरानं फॉर्मच्या गठ्ठ्यातच सही घेतलेली. त्या लाइनीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटचं माप वरच्या सगळ्यांना लावलं असणार. काकांच्या ओट्याची दिशा फिरवलेली होती, त्यांना पाइप कमी लागला होता.

ती टोळी आमच्याच ठेकेदाराची. आटे मात्र त्यांनी सुरेख पाडले होते, हे मान्य करायला हवं. एकाही एल्बोला, म्हणजे वळणाच्या सांध्याला, आट्यांत भरायचा सफेदा बाहेर आलेला नाही. हात चांगला आणि कागद खोटा, असं एका जागी बघितलं की राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

काकांनी विचारलं, "हे लिहून देणार?"

जॉब कार्डावर शेऱ्याचा चौकोन आगपेटीएवढा. तिथे फ्लेम ओके, लीकेज निल, एवढंच लिहायचं असतं. मी पाठीमागे लिहिलं. मीटर रीडिंग, तारीख, वेळ. जेट ड्रिल केलेलं, बदललं, आधी आणि नंतरचा वापर. पाइपची लांबी. खाली सही आणि टोकन नंबर. काकांनी त्याचा फोटो घेतला. म्हणाले, "२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली तर तीही दिशाभूल करणारी जाहिरात." मग चहा आला.

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "परत सिलिंडर घेऊ का?" नोंदणीवाल्या पोरानं सांगितलं म्हणून त्यांनी सिलिंडर देऊन टाकून डिपॉझिट परत घेतलं होतं. मी म्हणालो, दोन महिने थांबा.

सुपरवायझरनं कार्ड उलटून वाचलं आणि विचारलं, तू फिटर आहेस की वकील? तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर महिन्याच्या जोडण्यांचा आकडा असतो. पण ड्रिलचं काय करायचं, यावर तो काही बोलला नाही आणि नवी जेटं अजून मीच माझ्या खिशातून आणतो.

४४ चं बिल रद्द झालं, रीडिंगप्रमाणे नवं आलं. जादा पाइपचं 'तपासणी चालू आहे'. पुढच्या दोन महिन्यांत मीटर २३ फिरलं. काकांनी फोन करून आकडेमोड वाचून दाखवली. व्हॅट आणि भाडं धरून १,२३२ रुपये. सिलिंडरवर १,०२२ झाले असते. "तुमचं काम चोख आहे हो," म्हणाले, "पण बचत कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फ्लेम मी दुरुस्त केली, तो चौकोनातला हिशोब माझ्या हातात नाही.

परवा त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या सोसायटीत कॅम्प लागला. पत्रक तेच. काका वही घेऊन तिथे गेले, टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला १८ गुणिले ४९ करून दाखवत राहिले. दिवसभरात नोंदण्या नावापुरत्या झाल्या. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन, "तो म्हातारा तुझ्या ओळखीचा का रे?"

हो म्हणालो. त्या सोसायटीचं काम आमच्याच टोळीला मिळणार होतं, आणि मलाही पैसे जोडणीमागेच मिळतात.