बिनआकड्यांचे मेन्यूकार्ड

थॉर्नबरी, इंग्लंड, शनिवार रात्र.

पलंग इतका उंच आहे की चढण्यासाठी लाकडी पायरी ठेवली आहे, उशा मोजाव्यात एवढ्या आहेत, आणि तरीही डोळ्याला डोळा लागत नाही. आज जेवताना माझ्या हाती जे मेन्यूकार्ड आले, त्यावर पदार्थांपुढे किमती नव्हत्या. धाकट्याच्या कार्डावर मात्र होत्या. त्यानेच आधी फोन करून तशी व्यवस्था करवून घेतली होती, हे सूनबाईच्या हसण्यावरून कळले.

मेन्यूकार्ड मी जन्मभर उजवीकडून डावीकडे वाचत आले आहे. आकडा परवडला तरच पदार्थ आवडायचा. यांनाही तीच सवय होती. पण तो विषय आज नको. आकडेच काढून घेतल्यावर मला काय खावेसे वाटते, हेच मला सांगता येईना, आणि शेवटी सूनबाईने मागवले तेच मी मागवले. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत भाजलेल्या बीटचे तीन काप, शेजारी बोराएवढा चीजचा गोळा आणि कडेने हिरव्या तेलाचे थेंब आले. चव उत्तम होती, पण मी घासागणिक मनातल्या मनात दर लावत बसले. मुलाने लाड करावेत आणि त्याच वेळी आपल्याला हिशेबातून वगळावे, हे काही केल्या पचेना. ज्याच्या शाळेच्या फीसाठी मी... जाऊ दे.

जेवणानंतर तो हौसेने इतिहास सांगू लागला. बकिंगहॅमचा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड याने 1511 च्या सुमारास हा किल्लेवजा वाडा, म्हणजे आमचे आजचे हॉटेल, बांधायला घेतला. 1521 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद करवला आणि अर्धवट राहिलेला वाडा घशात घातला. 1535 मध्ये हाच राजा आपली राणी ॲन बोलिन हिला घेऊन इथे दहा दिवस राहिला. तिलाही कोणी किंमत सांगितली नसावी. ती तिने पुढच्याच वर्षी, राजाच्याच हुकमाने, शीर देऊन चुकवली.

मला खरे बरे वाटले ते ड्यूकच्या घरखर्चाच्या वहीबद्दल ऐकून. 1508 च्या जानेवारीत, म्हणजे आजचा वाडा उभा राहण्यापूर्वी, एपिफनी या ख्रिस्ती सणाला त्याने थॉर्नबरीत मोठी मेजवानी दिली होती. तिला पाव किती लागले, मांस किती लागले आणि त्याचे शिलिंग-पेन्स किती झाले, हे सारे कारकुनाने टिपून ठेवले आहे. एवढ्या थोरामोठ्याच्या घरीही आकड्यांवर डोळा ठेवणारे कोणीतरी होतेच, म्हणजे माझी संगत काही अगदीच वाईट नाही.

मग मीही फोनवर मेन्यू शोधला, पौंडांचे रुपये केले आणि काही वेळ छताकडे पाहत राहिले. धाकट्याला यातले काही कळू देणार नाही. उद्याची न्याहारी खोलीच्या भाड्यातच धरलेली आहे, याची खालच्या मुलीकडून खात्री करून घेतली आहे. तेव्हा सकाळी मी लाजणार नाही, ताटलीही दुसऱ्यांदा भरून घेणार आहे.