सुपातले वजन

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारले, "तुमचे स्वतःचे जन्माचे वजन किती होते?" घरात दोन दिवस शोधाशोध झाली आणि बहिणीच्या कपाटातून लसीकरणाचे एक पिवळे पडलेले कार्ड निघाले, ज्यावर २ किलो ६०० ग्रॅम असा आकडा होता. बहिणीचे वजन मात्र कोणी केलेच नव्हते. ती गावी सुईणीच्या हातून जन्मली आणि तिची एकमेव नोंद आमच्या आईच्या तोंडी आहे, ती अशी की पाचवीला हिला सुपात ठेवली तेव्हा सूप रिकामेच वाटले होते.

विहीणबाईंना या चौकशीचे नवल वाटले. जावई सहा फूट उंच, तेव्हा बाळ साडेतीन किलोंचे होणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. वडिलांच्या उंचीचा थोडा वाटा असतोही, पण जन्माच्या वजनाचे पारडे आईकडे अधिक झुकते. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर घोडे आणि ठेंगणी शेटलंड तट्टे यांचा उलटसुलट संकर करून पाहिला, तेव्हा शायर घोडीची शिंगरे मोठी आणि शेटलंड घोडीची लहान निघाली, म्हणजे दोन्हीकडे रक्ताची सरमिसळ सारखीच असूनही आकार ठरवला तो आईच्या कुशीने. (हा दाखला विहीणबाईंना देण्याचे धाडस मी केले नाही.) शिवाय पहिलटकरणीचे बाळ पुढच्या भावंडांपेक्षा सहसा थोडे हलकेच असते.

मला खरे कोडे पडते ते आईच्या मागे जाताना, कारण मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिच्या आयुष्यभराची स्त्रीबीजे तयार झालेली असतात. म्हणजे भाची ज्या बीजातून आली ते माझ्या आईच्या गरोदरपणातच आकाराला आले होते. त्या काळात बाळ फार मोठे झाले तर अडेल, या भीतीने आईला सातव्या महिन्यापासून हात आखडून जेवायला सांगितले जाई आणि शेतावरचे काम तर सुटतच नसे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, त्यातही पालेभाज्या, दूध आणि फळे अधिक खाणाऱ्यांची बाळे वजनदार आढळली, तर जड कष्ट करणाऱ्यांची हलकी. तेव्हा "आमच्याकडची मुले लहानखुरीच" असे आपण म्हणतो, त्यात रक्त किती आणि अर्धपोटी जेवणे किती, याची फोड करणे अवघड आहे.

बाळ २ किलो ८५० ग्रॅमचे झाले. आईने त्याला दोन्ही हातांवर घेतले, क्षणभर तोलल्यासारखे केले आणि बहिणीकडे पाहून म्हणाली, "तुझ्यापेक्षा पुष्कळ जड आहे गं."