चार दिवस प्रवाळांवर, आणि सगळं लक्ष पायांवर

किनाऱ्यापासून दोनेकशे मीटर आत होतो तेव्हा उजव्या पोटरीत गोळा आला. सफरीचा पहिलाच दिवस, नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पोहणं, पाणीही संथ. सोबत्याने माझ्या फिनचं, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पात्याचं, टोक धरून माझ्याकडे दाबलं, मी गुडघा ताठ केला आणि थोड्या वेळात पाय मोकळा झाला. सोबती जरा लांब असेल तर पाठीवर तरंगत स्वतःच ते टोक हाताने ओढून घ्यायचं. हे उथळ पाण्यात आधी एकदा करून बघा, कळ आल्यावर काही सुचत नाही.

चूक फिन्सच्या निवडीत होती. लांब पातं म्हणजे जास्त वेग, असं धरून मी भाड्याने लांब आणि कडक पात्याच्या फिन्स घेतल्या होत्या. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं. एवढं मोठं पातं प्रत्येक फटक्याला त्यातून ओढायचं तर मांड्यांना महिनोन्‌महिन्यांची सवय हवी. एका श्वासावर खोल जाणाऱ्या फ्रीडायव्हर्सना ती असते, मला नव्हती. संध्याकाळी मध्यम लांबीच्या, जरा मऊ फिन्स बदलून घेतल्या.

घेताना ही परीक्षा जरूर करा. बसून फिन घाला, पाय उचला आणि हलवा. टाच सुटत असेल तर पाण्यात फोड येणार, बोटं आत दुमडत असतील तर गोळा येणार. मागून पट्टा असलेल्या फिन्स रबरी बूट घालूनच मापाव्यात, बुटाच्या जाडीने माप बदलतं. बंद टाचेच्या फिन्स अनवाणी पायात घालतात. त्या हलक्या, उबदार पाण्याला आणि पोहण्याच्या सरावाला छान. पण गोटे तुडवत पाण्यात शिरायचं असेल तर बूट आणि पट्टाच बरा. पट्ट्याला भेगा आहेत का, हे आदल्या रात्रीच बघा.

दुसऱ्या दिवशी बोटीवरून दोन डाइव्ह केले. फिन्स अगदी शेवटी, कठड्याजवळ पोचल्यावर घालायच्या. त्या घालून चालावंच लागलं तर उलटं, मागे बघत, कोणाचा तरी हात धरून. परत येताना घाई नको. दोराला किंवा शिडीला घट्ट धरल्याशिवाय फिन काढू नका. हात सुटला आणि पायात फिन्स नसल्या, तर थोड्याशा प्रवाहातही बोट लांब जाते.

पाय कसा मारायचा, यावर मी दोन्ही दिवस घालवले आणि ते सार्थकी लागले. फटका कमरेतून यायला हवा, गुडघा किंचित सैल, घोटा ढिला. सायकल मारल्यासारखे गुडघे वर घेतले की पातं पाण्यातून नुसतं घसरतं. बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातांसाठी लाकडी फळ्या केल्या होत्या आणि तळपायांनाही तसंच काही बांधून पाहिलं होतं. पायांचं त्याला रुचलं नाही, कारण जोर नुसत्या तळव्यातून येत नाही, घोटा आणि पायाची आतली बाजूही लागते, असं त्याने लिहून ठेवलंय. आजच्या धर्तीच्या फिन्सचं पेटंट फ्रान्सच्या लुई द कोर्ल्यूने १९३३ साली घेतलं.

तिसरा दिवस मनाला लागला. रेताड तळावरून जाताना सहज मागे वळून पाहिलं, तर माझ्या मागे गढूळ पाण्याचा पडदा उभा होता आणि मागचे दोघे त्यात दिसेनासे झाले होते. बारीक वाळू हळूहळू शेजारच्या प्रवाळावर बसत होती. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे. पात्याच्या एका धक्क्याने त्याची फांदी तुटते आणि ती पुन्हा वाढायला कित्येक वर्षं लागतात. पात्याचं टोक आपल्या शरीराच्या कुठवर पोचतं, याचं भान फिन्स घातल्या क्षणापासून ठेवायला हवं, कारण आपण अचानक दोन-तीन वीत लांब झालेलो असतो.

त्या दुपारी मार्गदर्शकाने फ्रॉग किक घोटून घेतली: गुडघे वाकवून पाय वर, तळवे बाहेर वळवायचे, गोल फिरवून एकमेकांकडे आणायचे आणि मग थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं, शरीर घरंगळत पुढे जातं आणि हवाही कमी लागते. पाण्याचा झोत खाली न जाता मागे जातो, म्हणून वाळू जागची हलत नाही. पातं मधोमध चिरलेल्या फिन्सवर ही किक नीट बसत नाही, तेव्हा प्रवाळांवर जाणार असाल तर सलग पात्याच्या घ्या. सराव तलावात करून जा.

चौथ्या दिवशी प्रवाह जोरात होता. त्याच्याशी झुंजायला कुठल्याच फिन्स पुरत नाहीत, आम्ही त्याच्याबरोबर वाहत गेलो आणि बोटीने पुढे उचललं.

निघण्याआधी फिन्स गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या. टोकांवर उभ्या करून ठेवू नका, पातं कायमचं वाकतं. बॅगेत ठेवताना पावलाच्या कप्प्यात मोजे कोंबायचे, आकार टिकतो. एक जादा पट्टाही त्यातच ठेवा.