पदराच्या गाठीतल्या नोटा

आज सकाळपासून गावात वर्गणी गोळा केली. सप्त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन फिरण्याची आम्हाला सवय आहे. आरोग्याच्या हक्काची मागणी आमदारांपर्यंत नेण्यासाठी ते उघडण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती. निवेदनाच्या प्रती, परभणीपर्यंतचे गाडीभाडे आणि धरण्याच्या दिवशीचा मांडव, एवढाच खर्च मांडला होता आणि तो प्रत्येक दारात वाचून दाखवला.

दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून दहाच्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या, घामाने ओलसर झालेल्या, चौघडी घातलेल्या. "लेकरा, सुनंला रातच्याला कळा सुटल्या तवा दवाखान्याला कुलूप होतं, एवढं त्यांला सांग," असे त्या म्हणाल्या. पावतीवर वीस रुपये लिहिताना माझा हात क्षणभर थांबला.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. मग महाराष्ट्राच्या विधानसभेत तो का मांडला जाऊ नये, हा आमचा पहिला प्रश्न आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, तेव्हा त्यातले आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातील रात्रपाळीच्या परिचारिकेपर्यंत नेमके काय पोहोचले, हा दुसरा. मोठ्या देणगीदाराकडे आम्ही मुद्दामच गेलो नाही, कारण निवेदनासोबत शेकडो छोट्या पावत्यांची यादी जोडायची आहे. संध्याकाळी पारावर बसून सगळी रक्कम सर्वांसमोर मोजली आणि उद्या वरच्या वस्तीवर जायचे ठरले.