परत येता आलं नाही तर?

ॲस्ट्रल प्रोजेक्शन, म्हणजे सूक्ष्म देहानं शरीराबाहेर पडणं, या विषयावर तेच तीन प्रश्न पुन्हापुन्हा येतात. हे खरं असतं का? कसं करायचं? आणि बाहेर गेल्यावर परत येता आलं नाही तर? तिसरा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्या अवस्थेत कुणी अडकून पडत नाही. अडचण उलटीच आहे, तिथे टिकता येत नाही. नवशिक्याचा पहिला अनुभव बहुधा काही सेकंदांत मोडतो. आनंद झाला, भीती वाटली, अंथरुणावरच्या देहाकडे निरखून पाहिलं, की डोळे उघडतात.

ही भीती मात्र फार जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात स्वप्नाचं वर्णन येतं: प्राणाला घरट्याची, म्हणजे देहाची, राखण करायला सांगून पुरुष, म्हणजे आत्मा, बाहेर हिंडतो. लगेच पुढे बजावलं आहे, ‘तं नायतं बोधयेत्’. झोपलेल्याला एकदम उठवू नये, कारण आत्मा आपल्या जागी नीट परतला नाही तर त्यावर उपचार करणं कठीण. शंकराचार्य मेलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरल्याच्या कथेतही शिष्य गुहेत आचार्यांचा देह राखत बसतात आणि राजाच्या देहातला योगी परत जाऊ नये म्हणून मंत्री सापडतील ती प्रेतं जाळायला माणसं पाठवतात. झोपलेल्याचा चेहरा रंगवू नये, बाईला मिशा रेखाटू नयेत, नाहीतर परतलेल्या जिवाला आपला देह ओळखू येणार नाही, ही समजूत फ्रेझर या अभ्यासकानं मुंबईची म्हणून नोंदवून ठेवली आहे.

‘ॲस्ट्रल’ हा शब्द आपल्याकडे रुजवला तो थिऑसॉफिस्टांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका गूढविद्येच्या पंथानं. त्यांचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि 1882 मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला जाईपर्यंत त्यांचं काम मुंबईतूनच चाललं. त्यांनी ‘लिंगशरीर’ हा आपला शब्द ॲस्ट्रल देहासाठी वापरला आणि तिथून गोंधळ सुरू झाला. वेदान्तातलं लिंगशरीर सतरा अवयवांचं आहे: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. मरणानंतर पुढच्या जन्माकडे जातं ते हे. रात्री गच्चीवर फेरी मारून येण्याशी त्याचा संबंध नाही. देह आणि सूक्ष्म देह यांना जोडणारी चंदेरी दोरी तर आपल्या शास्त्रांतली नव्हेच. तो शब्द बायबलमधला. 1929 साली सिल्व्हन मल्डून या अमेरिकन माणसानं आपल्या अनुभवांच्या पुस्तकात तिचं तपशीलवार वर्णन केलं आणि ती सगळीकडे पोचली. ती तुटली तर, या काळजीनं जागे राहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हा अनुभव आलेल्या पुष्कळांना दोरी दिसलेलीच नाही.

आता देहात काय घडतं ते. झोपेची साधारण दीड तासाची आवर्तनं असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी स्वप्नांची, रेम झोप येते. पहाटेकडे ती लांबत जाते. या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात पडून असतो. मन जागं झालं आणि स्नायू अजून सैलच राहिले, तर ती स्लीप पॅरालिसिस. छातीवर कुणी बसल्याचा भास, कानात गुणगुण, अंगातून वीज गेल्यासारखी थरथर. देहाबाहेर पडल्याचे बरेचसे अनुभव याच उंबरठ्यावर सुरू होतात.

आपण देहात आहोत हे जाणवणं ही मेंदूची सतत चाललेली मेहनत आहे. डोळे, स्नायू आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग यांच्याकडून येणारी माहिती तो एकत्र शिवतो. 2002 मध्ये जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटानं अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात, बारीक वीजप्रवाह दिला. प्रवाह कमी होता तेव्हा तिला अंथरुणात रुतल्यासारखं, उंचावरून पडल्यासारखं वाटलं. साडेतीन मिलिअँपिअरला ती वरून स्वतःला पाहू लागली, तेही फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. फ्रान्समधल्या एका पाहणीत चक्कर येण्याचा आजार असलेल्या 210 रुग्णांपैकी 14 टक्क्यांनी असा अनुभव सांगितला. निरोगी लोकांत हे प्रमाण 5 टक्के होतं. तोलाची माहिती बिघडली की शिवण उसवते, असं मला यावरून वाटतं.

करून पाहायचं असेल तर वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री साडेदहाला पडल्यापडल्या केलेले प्रयत्न वाया जातात, कारण पहिली झोप गाढ असते. नेहमीसारखं झोपा, पाच-साडेपाच तासांनी गजर लावून उठा, वीस-तीस मिनिटं बसून राहा. मोबाइल बघू नका, मोठा दिवा लावू नका. मग उताणं पडा, पातळ उशी, हात अंगापासून वीतभर लांब, पांघरूण हलकं. कुशीवर सवयीची झोप लागून जाते. उताणं पडल्यावर स्लीप पॅरालिसिसची शक्यता वाढते आणि इथे आपल्याला तीच हवी आहे. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत शवासनासारखं अंग सैल करा, मग श्वास शंभरापासून उलटे मोजा. आकडा चुकला तर रागावू नका, आठवेल तिथून पुढे जा.

मिटल्या डोळ्यांसमोर रंग, चेहरे, तुटक वाक्यं येऊ लागली की झोप दाराशी आली. त्यांच्यामागे जाऊ नका, नुसतं पाहा. अंग जड होईल, गुणगुण वाढेल. बहुतेकांचं बिघडतं ते इथे. कुणी आवंढा गिळतो, कुणी नाक खाजवतो, आणि सगळ्यात जास्त जण ‘आलं, आलं!’ म्हणून छाती धडधडवून घेतात. धडधड वाढली की जाग येते. थरथर पुरती भरू द्या, मग स्नायू न हलवता फक्त मनानं कुशीवर लोळून पलंगाखाली उतरा. किंवा छतातून दोर लोंबतोय असं धरून हातांनी चढा. चढण्याची जाणीव हातांत यायला हवी, डोळ्यांनी दोर दिसला नाही तरी चालेल. बाहेर आलात की देहापासून लांब जा आणि एखाद्या वस्तूला हात लावा. स्पर्शानं अनुभव टिकतो.

परतायचं असेल, किंवा छातीवरचं ओझं सहन होत नसेल, तर धडपडू नका. सगळ्या अंगानं झटका द्यायला गेलं की काहीच हलत नाही आणि भीती दुप्पट होते. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल या अवस्थेतही काम करतात. म्हणून बुबुळं डावी-उजवी फिरवा, श्वास आहे तसा चालू द्या आणि पायाच्या अंगठ्याचं टोक हलवायचा प्रयत्न करा. मुद्दाम दीर्घ श्वास घेता येत नाही, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतं, पण हवा पुरेशी जात असते.

आठवड्यातून दोनदाच करा, तेही दुसऱ्या दिवशी लांबवर गाडी चालवायची नसेल तेव्हा. मोडलेल्या झोपेचं नुकसान खरं असतं. अपस्मार, स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार, किंवा ‘मी मी नाहीच’ असं दिवसाही वाटत राहणं, यांपैकी काही असेल तर हा नाद नकोच. जागेपणी आपोआप असं घडत असेल आणि सोबत शुद्ध हरपत असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, बाबा-महाराजांकडे नको.

मग खरोखर काही बाहेर जातं का? अनुभव खरा आहे, त्यात शंका नाही. बाहेरची माहिती आणता येते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी 1968 मध्ये एका तरुणीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पलंगाच्या वरच्या फळीवर ठेवलेला 25132 हा आकडा तिनं चौथ्या रात्री बरोबर सांगितला. पण भिंतीवरच्या घड्याळात त्याचं प्रतिबिंब दिसण्याची शक्यता टार्ट यांनी स्वतःच मान्य केली. 2014 च्या मोठ्या अभ्यासात हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या 2060 नोंदी होत्या, वरूनच दिसतील अशी चित्रं फळ्यांवर ठेवली होती. फळीवरचं चित्र कुणीही सांगितलं नाही. ज्या दोघांनी पाहिल्या-ऐकल्याचं सांगितलं, त्यांच्या खोलीत फळ्याच नव्हत्या.

घरी तपासायचं असेल तर दुसऱ्या कुणाला पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान न बघता काढून कपाटावर उघडं ठेवायला सांगा. अनुभवानंतर पान आधी लिहा, मग बघा. नुसत्या अंदाजानं जुळायची शक्यता 52 त एक, म्हणून एका रात्रीवर काही ठरवू नका. न जुळलेल्या रात्रीही वहीत लिहा.

आणि काही जण विचारतात ते गेलेल्या माणसाला भेटायला. तो माणूस दिसतो, बोलतो, हातही धरतो. त्या भेटीला खोटं म्हणायची मला इच्छा नाही. फक्त त्याला मृत्युपत्राचं, औषधाचं, घर विकायचं विचारू नका. उत्तर मिळेल, पण ते तुमच्याच मनातलं असेल.